‘ॲड्रेनर्जिक औषधे टाळा’ म्हणजे नेमकी कोणती टाळा?

प्रश्न : नमस्कार. आम्ही नागपूरला प्रतापनगरात राहतो. बाबा ६८ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांची ॲन्जिओप्लास्टी झाली. तेव्हापासून मेटोप्रोलॉल ५० चालू आहे, आणि प्रोस्टेटसाठी रोज एक टॅमसुलोसिन ०.४. मागच्या आठवड्यात सर्दी झाली म्हणून त्यांनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि दोन दिवस, दिवसाला तीन घेतल्या. दुसऱ्या रात्री लघवी पूर्ण बंद. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये नळी टाकली तेव्हा जवळजवळ लिटरभर निघाली. तिसऱ्या दिवशी नळी काढून घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर शेवटी एक ओळ आहे : ‘अव्हॉइड ॲड्रेनर्जिक ड्रग्ज’. घरी येऊन औषधांची माहितीपत्रकं वाचली तर मेटोप्रोलॉलवर ‘बीटा ॲड्रेनर्जिक’, टॅमसुलोसिनवर ‘अल्फा ॲड्रेनर्जिक’, आणि आईच्या दम्याच्या पंपावरही ‘बीटा-२ ॲड्रेनर्जिक’! घाबरून परवापासून मी सगळंच बंद करून डब्यात भरून ठेवलं. बाबांनी ऐकलं. आई काही ऐकून नाही राहिली, पंप उशीखाली घेऊन झोपते. हे चाललंय ते बरोबर आहे का? बाबांची दाढ काढायची आहे, ते इंजेक्शन चालेल का? दोघांच्या औषधांची यादी सोबत जोडली आहे.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, तातडीचा भाग तुम्हाला, पत्र मिळालं त्याच दिवशी, ई-मेलने कळवला होता. तोच इथे सगळ्यांसाठी पुन्हा लिहितो. बाबांचं मेटोप्रोलॉल आणि टॅमसुलोसिन, दोन्ही डब्यातून बाहेर काढायचं. हृदयाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून ‘दोन दिवस गोळी बंद होती’ हे सांगायचं आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा सुरू करायचं. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला दोन एकदम घ्यायच्या नाहीत. या दोन दिवसांत छातीत दुखलं, दडपण आलं, धाप लागली किंवा धडधड थांबेना, तर फोनची वाट न पाहता थेट हॉस्पिटल. आईंनी पंप उशीखाली ठेवला ते अगदी बरोबर केलं. त्यांच्या यादीतल्या एका वेगळ्याच औषधाची मात्र आम्हाला काळजी वाटली. त्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही, ते पुढे येईल.

आता त्या शब्दाकडे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या टोकावर एकेक छोटी अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्या आतल्या गाभ्यातून ॲड्रेनलिन रक्तात सुटतं. त्याचंच सख्खं भावंड नॉरॲड्रेनलिन. ते मुख्यतः मज्जातंतूंच्या टोकांतून जिथल्या तिथे स्रवतं. ही दोन रसायनं ज्या तंतूंमधून आणि ज्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या रिसेप्टरवर, काम करतात त्या साऱ्या यंत्रणेला ‘ॲड्रेनर्जिक’ म्हणतात. हा शब्द ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी १९३३ मध्ये मज्जातंतूंचं वर्गीकरण करताना वापरात आणला. ते औषधाचं नाव नव्हतं, आजही नाही. औषध कोणत्या यंत्रणेशी छेडछाड करतं एवढंच तो शब्द सांगतो. यंत्रणा चालू करतं की बंद, हे सांगत नाही. एकाच विजेवर कूलरही चालतो आणि गीझरही, तसं हे आहे. ‘विजेवर चालणारी वस्तू टाळा’ असं कोणी लिहून दिलं तर तुम्ही विचाराल, कोणती? कार्डावरच्या ओळीला तोच प्रश्न विचारायचा होता.

एकाच ॲड्रेनलिनने त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि श्वासनलिका मात्र सैल होतात. हे कसं, याचा उलगडा १९४८ मध्ये अमेरिकेतल्या रेमंड आलक्विस्ट यांनी केला. ग्राही एका प्रकारचे नसून दोन प्रकारचे आहेत, असं त्यांनी दाखवलं आणि त्यांना अल्फा व बीटा अशी नावं दिली. पुढे त्यांचेही पोटभेद सापडले. घरातल्या औषधांपुरतं एवढं पुरे : अल्फा-१ ग्राही रक्तवाहिन्या आवळतात, डोळ्याची बाहुली मोठी करतात आणि मूत्राशयाचं तोंड व प्रोस्टेटमधले स्नायू आकसतात. बीटा-१ मुख्यतः हृदयावर असतात. त्यांनी ठोके वाढतात, जोर वाढतो. बीटा-२ श्वासनलिका सैल करतात. हाताला कंप सुटतो तोही त्यांच्यामुळेच. बीटा-३ मूत्राशयाची पिशवी सैल सोडतात. वारंवार, घाईने लघवीला लागणाऱ्यांना मिराबेग्रॉन देतात ते याच ग्राहीवर काम करतं. अल्फा-२ची गोष्ट जरा उलटी आहे. मज्जातंतूंच्या टोकावरचे हे ग्राही नॉरॲड्रेनलिनचा स्राव कमी करतात, पण तुमच्या यादीत त्यांच्याशी संबंधित काही नाही, म्हणून सोडून देतो.

आणि दिशा दोन. ग्राहीला चेतवणारं औषध ते ‘ॲगोनिस्ट’. ग्राही अडवून धरणारं ते ‘ब्लॉकर’ किंवा ‘अँटॅगोनिस्ट’. म्हणजे माहितीपत्रकावर ‘ॲड्रेनर्जिक’ दिसलं की नजर तिथे थांबवायची नाही. आधीचा शब्द पाहायचा, अल्फा की बीटा, आणि नंतरचा पाहायचा, ॲगोनिस्ट की ब्लॉकर. तुमची नजर नेमकी मधल्या शब्दावर अडली. बाबांचं टॅमसुलोसिन हे अल्फा-१ ब्लॉकर, मेटोप्रोलॉल हे बीटा-१ ब्लॉकर, आणि आईंचा पंप बीटा-२ ॲगोनिस्ट. तीन औषधं, तीन वेगळी कामं, त्यातली दोन तर ॲड्रेनलिनच्या विरुद्ध बाजूची.

पत्रक हाताशी नसेल तर नावाच्या शेपटावरूनही बरंच कळतं. ‘ओलॉल’ने संपणारी, म्हणजे मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, टिमोलॉल, ही बीटा ब्लॉकर. टॅमसुलोसिन, सिलोडोसिन, प्राझोसिन ही ‘ओसिन’वाली अल्फा ब्लॉकर. फॉर्मोटेरॉल, साल्मेटेरॉल ही ‘टेरॉल’वाली बीटा-२ ॲगोनिस्ट. साल्ब्युटामॉलही त्यांच्याच गोतावळ्यातलं. (पॅरासिटामॉलच्या शेवटीही ‘मॉल’ येतं, पण त्याचा या खटल्याशी संबंध नाही.)

मग कार्डावर लिहिणाऱ्या डॉक्टरांना काय टाळायला सांगायचं होतं? सर्दीच्या गोळ्या. आपल्याकडे मेडिकलमध्ये ‘सर्दीची गोळी द्या’ म्हटलं की जे हातात पडतं त्यात बहुतेक वेळा तीन-चार औषधं एकत्र असतात : पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, फेनिलेफ्रिन ५ किंवा १० मिलिग्रॅम, क्लोरफेनिरामिन २ मिलिग्रॅम, कधी वर थोडं कॅफिन. यातलं फेनिलेफ्रिन अल्फा-१ ॲगोनिस्ट. नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आवळाव्यात म्हणून ते घातलेलं असतं. पण पोटात गेलेलं औषध नाकापुरतं थांबत नाही. मूत्राशयाच्या तोंडाचा आणि प्रोस्टेटचा स्नायू तेच ग्राही बाळगून आहे, तोही आवळतो. टॅमसुलोसिन रोज जो स्नायू सैल ठेवत होतं, त्याच स्नायूला सर्दीची गोळी आवळू पाहत होती.

पण आमच्या मते बाबांच्या त्या रात्रीचा मोठा दोषी फेनिलेफ्रिन नसावा. तोंडाने घेतलेलं फेनिलेफ्रिन आतड्याच्या भिंतीतच बऱ्याच अंशी मोडून पडतं, रक्तात थोडंच पोचतं. नाक मोकळं करायला ते जवळपास निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये काढला आणि २०२४ मध्ये त्या संस्थेने गोळ्यांतून ते काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. दुसरा घटक, क्लोरफेनिरामिन, जास्त खोडकर. हे जुन्या पिढीतलं ॲलर्जीचं औषध. ते ॲड्रेनर्जिक नाहीच. ते ॲसिटिलकोलिन या मज्जातंतूंच्या दुसऱ्या रसायनाच्या यंत्रणेला अडवतं, आणि लघवी बाहेर ढकलायला मूत्राशयाची पिशवी ज्या जोराने आकुंचन पावते तो जोर त्याच यंत्रणेतून येतो. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची पिशवी आधीच अडथळ्याविरुद्ध झगडत असते. तिचा जोर कमी झाला की दोनच दिवसांत लघवी तुंबते. त्यात हिवाळा, त्यात सर्दीमुळे पडून राहणं, बद्धकोष्ठता, ‘सकाळीच उठून जाऊ’ म्हणून दाबून धरलेली लघवी. सगळं एका रात्री जमून येतं.

म्हणून कार्डावरची ती ओळ अपुरी आहे असं आम्ही स्पष्ट म्हणू. नुसतं ‘ॲड्रेनर्जिक’ टाळलं आणि उद्या बाबांनी झोप यावी, खाज थांबावी किंवा खोकला जावा म्हणून क्लोरफेनिरामिन अथवा डायफेनहायड्रामिन असलेलं काही घेतलं, तर ओळ पाळूनही लघवी तुंबेल. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विनंती करून ती ओळ अशी करून घ्या : ‘फेनिलेफ्रिन, स्यूडोएफेड्रिन आणि झोप आणणारी ॲलर्जीची औषधे (क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन इत्यादी) असलेली सर्दी-खोकल्याची कोणतीही मिश्र गोळी किंवा सिरप नको. मेटोप्रोलॉल व टॅमसुलोसिन चालू ठेवावे.’ त्याचा फोटो बाबांच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि मेडिकलवाल्याला गोळी मागायच्या आधी तो दाखवा. गोळीचं नाव नको, पाठीमागच्या बारीक अक्षरातले घटक वाचायला सांगा. नावं पन्नास असतात, आतला मसाला तोच.

पुढच्या वेळी सर्दी झाली तर बाबांनी काय घ्यावं? अंग दुखत असेल, कणकण असेल तर साधं पॅरासिटामॉल ५००, एका वेळी एक, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे सलाइन थेंब, दिवसातून कितीही वेळा. वाफ घ्यायची तर भांडं पक्क्या टेबलावर ठेवून. वयस्कर माणसं मांडीवर पातेलं घेऊन भाजल्याच्या केसेस दर हिवाळ्यात असतात. झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीनचे नाकातले थेंब हेही अल्फा ॲगोनिस्टच आहेत. नाक मिनिटांत मोकळं करतात म्हणून लोकांना आवडतात, पण बाबांचं हृदय आणि प्रोस्टेट पाहता डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि घरातल्या कोणीही ते सलग तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त घालू नयेत. थेंबाचा असर उतरला की रक्तवाहिन्या पहिल्याहून जास्त फुगतात, मग पुन्हा थेंब, पुन्हा फुगणं. असे महिनोन्‌महिने बाटली खिशात घेऊन फिरणारे लोक तुमच्याही ओळखीत असतील.

खोकल्याच्या सिरपचंही तेच. आपल्याकडच्या कफ सिरपांत टर्ब्युटालिन किंवा साल्ब्युटामॉल सर्रास असतं. ही बीटा-२ ॲगोनिस्ट, पण पोटातून घेतली की बीटा-१लाही थोडी डिवचतात. हृदयरोग्याला त्याने धडधड होते, हात थरथरतात, आणि मेटोप्रोलॉल दुसऱ्या टोकाला ओढत असतं. दमा नसेल तर अशा सिरपचा खोकल्याला फारसा फायदाही नाही. जाता जाता, घरात नातवंडं असतील तर हे लक्षात असू द्या : क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच काढला आहे.

लघवी पुन्हा तुंबली तर कसं ओळखायचं? सहा-आठ तासांत लघवी नाही किंवा नुसते थेंब, जाण्याची कळ मात्र सतत, ओटीपोट फुगून कडक. अशा वेळी ‘पाणी पी म्हणजे होईल’ हे करू नका. भरलेल्या पिशवीत भर पडते एवढंच. सरळ हॉस्पिटल गाठायचं. नळी काढल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत नाजूक, आणि नळी निघाल्यावर लघवी नीट सुरू राहावी म्हणूनच अल्फा ब्लॉकर देतात. तुम्ही नेमकं तेच त्या दिवसांत बंद केलं होतं, म्हणून आम्ही घाई केली.

मेटोप्रोलॉल अचानक थांबवणं त्याहून धोक्याचं का, तेही सांगतो. ग्राही वर्षानुवर्षं अडवून ठेवले की शरीर त्यांची संख्या वाढवून भरपाई करतं. गोळी एकदम बंद झाली की अंगातलं रोजचंच ॲड्रेनलिन या वाढलेल्या ग्राहींवर तुटून पडतं. ठोके वाढतात, प्रेशर चढतं, आणि ज्याच्या हृदयाच्या वाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याला छातीत दुखू शकतं, झटकाही येऊ शकतो. म्हणून बीटा ब्लॉकर बंद करायचं झालंच तर डॉक्टर एक ते दोन आठवड्यांत पायरीपायरीने उतरवतात. गोळी सावकाश सुटणारी, म्हणजे एक्सएल वा ईआर लिहिलेली असेल, तर मधल्या रेघेवर अर्धी करता येते, पण कुटून किंवा चावून घेऊ नये. नाहीतर दिवसभराची मात्रा एकदम सुटते. बाबांची नाडी आठवड्यातून एकदा, बसल्या जागी, पूर्ण मिनिटभर मोजा. ५०च्या खाली असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर डॉक्टरांना कळवा. बाबांना पुढे कधी शुगर निघाली आणि औषध सुरू झालं तर हेही लक्षात ठेवा : शुगर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर बीटा ब्लॉकरमुळे झाकली जाते, घाम मात्र येतो. त्या घामाकडे लक्ष ठेवायचं.

टॅमसुलोसिन रोज एकाच जेवणानंतर साधारण अर्ध्या तासाने घ्यायचं, कॅप्सूल आख्खी गिळायची. रात्रीच्या जेवणानंतरची वेळ बरी, कारण उभं राहताना प्रेशर एकदम उतरण्याचा त्याचा स्वभाव झोपेत निभावून जातो. पण रात्री लघवीला उठायचं तर आधी पलंगावर पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, मग धरून उभं राहायचं. दोन दिवसांच्या खंडानंतर पुन्हा सुरू करताना तर हे नक्कीच. हिवाळ्यात हा त्रास कमी जाणवेल. खरी परीक्षा मे महिन्यात, नवतपात. पारा ४५च्या आसपास, घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं, अल्फा ब्लॉकरने वाहिन्या सैल, आणि बीटा ब्लॉकरमुळे हृदयाला ठोके वाढवून सावरता येत नाही. अशा दुपारी खुर्चीतून ताडकन उठलेला माणूस पडतो. एप्रिलच्या शेवटी एकदा घरीच तपासून पाहा. पाच मिनिटं आडवं पडल्यावर प्रेशर घ्या, मग उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरत असेल तर ती नोंद डॉक्टरांना दाखवा. मात्रा किंवा वेळ बदलता येते.

अल्फा ब्लॉकरची एक गोष्ट मराठी वाचकाने माहीत करून घ्यावी अशी आहे. लाल विंचवाच्या विषाने माणसाच्या स्वतःच्याच अंगातलं ॲड्रेनलिन-नॉरॲड्रेनलिन एकदम उसळतं. वाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात यावर प्राझोसिन वापरून कोकणात असंख्य रुग्ण वाचवले आणि ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. प्राझोसिन म्हणजे बाबांच्या टॅमसुलोसिनचंच जुनं भावंड. टॅमसुलोसिनचा रोख मूत्रमार्गाकडे जास्त आहे एवढाच फरक.

आता आईंच्या यादीकडे. साल्ब्युटामॉलचा पंप, कॅल्शियम, आणि तिसऱ्या क्रमांकावर ‘टिमोलॉल ०.५ टक्के, दोन्ही डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ, दिवाळीनंतर सुरू’. त्याच यादीच्या खाली तुम्ही लिहिलंय की हल्ली आईला पंप रोज पाच-सहा वेळा लागतो, आधी आठवड्यातून एखाद्या वेळी लागायचा. थंडीमुळे असेल असं तुम्हाला वाटलं. थंडीनेही दमा वाढतो, मान्य. पण काचबिंदूवरचा हा टिमोलॉल बीटा ब्लॉकर आहे, आणि मेटोप्रोलॉलसारखा बीटा-१पुरता नाही, बीटा-१ व बीटा-२ दोन्ही अडवणारा. डोळ्यात घातलेला थेंब डोळ्यातच राहत नाही. आतल्या कोपऱ्यातल्या बारीक नळीने तो नाकात उतरतो, तिथल्या पातळ त्वचेतून थेट रक्तात जातो. गोळीचं औषध आधी यकृतातून गाळून जातं, याला तीही चाळणी नाही. दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळायला एवढासा थेंब पुरतो. शिवाय पंपातलं औषध ज्या बीटा-२ ग्राहीवर बसणार तिथे टिमोलॉल आधीच ठाण मांडून असतं, म्हणून पंपाचाही गुण येत नाही. दमा असणाऱ्यांना टिमोलॉल देऊच नये, असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. आईंनी डोळ्यांच्या डॉक्टरांना दम्याबद्दल सांगितलं नसण्याचीच शक्यता जास्त. डोळ्याच्या दवाखान्यात छातीचं कोण सांगतं?

म्हणजे तुम्ही डब्यात कोंडलेली औषधं निर्धोक निघाली, आणि बाहेर टेबलावर राहिलेल्या बाटलीतच खोट. पुढचा थेंब घालण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून ‘दमा आहे आणि थेंब सुरू झाल्यापासून वाढलाय’ एवढं एक वाक्य सांगा. काचबिंदूला लॅटॅनोप्रॉस्टसारखे वेगळ्या जातीचे थेंब आहेत, बदलून मिळतील. उपचार सोडून मात्र देऊ नका. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. नवीन थेंब घालताना एकच थेंब, डोळा हलकेच मिटायचा, नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. याने रक्तात जाणारा भाग कमी होतो. टिमोलॉलच्या बाबतीत मात्र या युक्तीवर विसंबून राहू नका, दम्यात तो नकोच. आणि बाबांच्या किंवा शेजारपाजारच्या ‘ओलॉल’ गोळ्या आईंच्या हाती लागू देऊ नका. अर्धशिशीला, हात थरथरण्याला प्रोप्रॅनोलॉल देतात, तेही यांना चालणार नाही.

थेंब बदलल्यावरही पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर छातीच्या डॉक्टरांकडे जायचंच. साल्ब्युटामॉल श्वासनलिका सैल करतं, आतली सूज उतरवत नाही. ती उतरवायला श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड लागतं. २०१९पासून जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनीही मोठ्यांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका असं सांगितलं आहे. २०० फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त पंप वर्षात संपत असतील तर दमा आवाक्यात नाही असं समजा. आणि पंप घेण्याची पद्धत एकदा समोर बसून पाहा : उभा धरून हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून सावकाश आत ओढायला लागताच एकदा दाबायचं, दहा सेकंद श्वास रोखायचा, दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटाने. वयस्कर माणसांची दाबण्याची आणि ओढण्याची वेळ जुळत नाही, औषध घशावर आदळून वाया जातं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, घ्या. तो फार महाग नसतो.

दाढेचं इंजेक्शन. दात सुन्न करायच्या लिग्नोकेनमध्ये ॲड्रेनलिन असतं, ते वाहिन्या आवळून औषध तिथेच धरून ठेवतं आणि रक्तस्राव कमी करतं. प्रमाण १:८०,००० किंवा १:२,००,०००. पहिल्यात दर मिलिलिटरला १२.५ मायक्रोग्रॅम, दुसऱ्यात ५. हृदयरोग्यांत एका बैठकीला एकूण ४० मायक्रोग्रॅमच्या आत राहण्याचा प्रघात आहे, आणि एका दाढेला साधारण दोन-अडीच मिलिलिटर पुरतं, म्हणजे हिशेब बसतो. तेव्हा ‘ॲड्रेनलिन नको’ असा हट्ट धरू नका. अर्धवट सुन्न झालेल्या दाढेच्या कळेने अंगातलंच ॲड्रेनलिन त्याहून जास्त उसळतं. दंतवैद्यांना ॲन्जिओप्लास्टी, मेटोप्रोलॉल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, त्या दिवशी सकाळची मेटोप्रोलॉल चुकवू नका, आणि रक्त पातळ करणारी गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

कार्डावरची ती ओळ जिवावरच्या प्रसंगी मात्र आड येऊ देऊ नका. औषध, मधमाशी वा खाण्याने अंगभर गांधी, घसा आवळणं, धाप, प्रेशर पडणं असं झालं, तर ॲड्रेनलिनला पर्याय नाही. मोठ्या माणसाला १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमधलं अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, गुण न आल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. हे दवाखान्यात देतील. तुमचं काम बाबांना आडवं ठेवून तिथे लवकर पोचवणं आणि ‘हे बीटा ब्लॉकरवर आहेत’ असं ओरडून सांगणं. अशा रुग्णांत ॲड्रेनलिनचा जोर कमी पडू शकतो आणि डॉक्टरांना ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन तयार ठेवावं लागतं.

आणखी एक, कधीतरी उपयोगी पडेल असं. बाबांना मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं तर टॅमसुलोसिन घेतात हे डोळ्यांच्या डॉक्टरांना तारीख ठरवतानाच सांगा, मध्यंतरी बंद केलं असलं तरी सांगा. या औषधाने बाहुलीभोवतीचा पडदा लुळा पडतो आणि ऑपरेशनच्या वेळी फडफडतो. आधी कळलं तर सर्जन त्याची तयारी ठेवतात. चार दिवस आधी गोळी थांबवून मात्र फरक पडत नाही, म्हणून स्वतःहून बंद करू नका.